एकच वचन, इतकी भाषांतरे: हिब्रू-ग्रीक बायबल इंग्रजीत आणताना नेमके काय अडते?

मोबाइलवर बायबलचे ॲप उघडले की एकाच वचनाची पाच-सहा इंग्रजी रूपे शेजारी-शेजारी दिसतात, आणि पुष्कळदा ती एकमेकांशी जुळत नाहीत. स्तोत्रसंहितेतील ६९ व्या स्तोत्राची सुरुवात पाहा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये संकटात सापडलेला भक्त म्हणतो की पाणी माझ्या 'सोल'पर्यंत, म्हणजे आत्म्यापर्यंत आले आहे. आजच्या बहुतेक इंग्रजी भाषांतरांत तोच भक्त म्हणतो की पाणी माझ्या गळ्यापर्यंत आले आहे. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की एक तर कोणाची तरी चूक झाली आहे, नाही तर कोणी तरी मजकूर मुद्दाम बदलला आहे. बहुतेक ठिकाणी यांपैकी काहीच घडलेले नसते. मूळ भाषेने एखादी गोष्ट मोकळी ठेवलेली असते आणि इंग्रजीत ती मोकळी ठेवता येत नाही, म्हणून भाषांतरकाराला तिथे निर्णय घ्यावा लागतो. दोन भाषांतरांत दोन निर्णय झाले की दोन वचने तयार होतात. हे निर्णय कुठे आणि का घ्यावे लागतात, हे एकदा नीट समजले की या फरकांनी गोंधळून जायला होत नाही.

मूळ ग्रंथ कोणत्या भाषांत आहे?

ख्रिस्ती बायबलचे दोन भाग आहेत. जुना करार हा यहुदी लोकांचाही धर्मग्रंथ असून तो जवळजवळ सगळा हिब्रूत आहे; दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचे काही भाग मात्र अरामी भाषेत आहेत. नवा करार ग्रीकमध्ये आहे, आणि ती ग्रीक सॉक्रेटिस-प्लेटोच्या काळातील अथेन्सची नव्हे, तर पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर बाजारात, पत्रव्यवहारात आणि सरकारी कामात चालणारी बोली ग्रीक आहे. येशू स्वतः मुख्यतः अरामी बोलत असे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शुभवर्तमानांतील (नव्या करारात येशूचे जीवन सांगणारी चार पुस्तके) त्याचे बोलणे आपल्या हाती येते तेव्हाच ते एकदा भाषांतरित झालेले असते, आणि इंग्रजी वाचक त्या भाषांतराचे भाषांतर वाचत असतो.

जुन्या कराराचेही एक फार जुने भाषांतर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या यहुदी लोकांनी हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. त्या भाषांतराला सेप्टुआजिंट म्हणतात. नव्या कराराचे लेखक जुना करार उद्धृत करतात तेव्हा बरेचदा याच ग्रीक भाषांतरातून करतात, आणि या एका गोष्टीतून पुढे किती गुंते निर्माण झाले ते खाली दिसेलच.

पहिली अडचण: कोणत्या प्रतीवरून भाषांतर करायचे?

बायबलच्या कोणत्याही पुस्तकाची लेखकाच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. नव्या कराराच्याच पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते ठाऊक आहेत, आणि त्यांच्यात फरक आहेत. या फरकांना पाठभेद म्हणतात.

समजा, आजीने हाताने लिहिलेली गोड्या मसाल्याची यादी हरवली, पण तिच्या चार मुलींनी आणि पुढे नातींनी ती आपापल्या वहीत उतरवून घेतलेली आहे. एकीच्या वहीत दगडफूल राहून गेले आहे, दुसरीने समासात स्वतःची एक सूचना लिहिली आणि तिच्या मुलीने ती सूचना यादीतच घेतली. सगळ्या वह्या समोर ठेवल्या तर कोणती ओळ आजीची आणि कोणती नंतरची, हे बव्हंशी ठरवता येते. वह्या जितक्या जास्त आणि जितक्या जुन्या, तितका निष्कर्ष पक्का. पाठभेदांचा अभ्यास याच रीतीने चालतो, आणि त्यातले बहुसंख्य फरक शुद्धलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे निघतात.

किंग जेम्स बायबलच्या वेळी हाती असलेल्या प्रती कमी आणि उशिराच्या होत्या. त्या काळी नव्या कराराचा जो छापील ग्रीक मजकूर प्रमाण मानला जात होता, त्याची सुरुवात इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ मध्ये बाझेल येथे घाईघाईने छापलेल्या आवृत्तीपासून झाली. इरॅस्मसजवळ मोजकीच हस्तलिखिते होती. प्रकटीकरणाच्या पुस्तकाची शेवटची काही वचने तर त्याच्या ग्रीक हस्तलिखितात नव्हतीच, म्हणून ती त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये भाषांतरित करून घातली. योहानाच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात स्वर्गातील तीन साक्षीदारांची, म्हणजे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा यांची जी ओळ आहे, ती त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हती. त्यावरून टीका झाली, पुढे ती ओळ असलेले एक ग्रीक हस्तलिखित त्याच्यासमोर ठेवण्यात आले आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ती घेतली. किंग जेम्स बायबलमध्ये ती म्हणूनच आहे.

त्यानंतरच्या काळात चौथ्या शतकातील सायनायटिकस आणि व्हॅटिकेनस ही दोन महत्त्वाची हस्तलिखिते अभ्यासकांना नीट वापरता आली, आणि त्यांत ही ओळ नाही. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनेही त्या दोहोंत नाहीत. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची, 'ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा' अशा आशयाची सर्वपरिचित कथा योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. आजची भाषांतरे ही कथा कंसात घालतात आणि खाली टीप देतात. 'नव्या बायबलमधून वचने गाळली' अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ती तक्रार करणाऱ्यांची कळकळ मी समजू शकतो, कारण लहानपणापासून पाठ असलेली ओळ अचानक तळटिपेत गेलेली पाहणे सोपे नसते. पण घडले आहे ते असे, की अधिक जुन्या प्रती हाती आल्यावर नंतर शिरलेल्या ओळी ओळखता आल्या.

जुन्या कराराची कथा निराळी आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहांत चर्मपत्रांच्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतील यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी तोपर्यंत ज्ञात असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे, आणि तरीही बारीकसारीक फरक सोडले तर तिचा मजकूर त्या प्रतींशी पुष्कळसा जुळतो.

स्वर न लिहिणारी लिपी

प्राचीन हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजनेच लिहिली जात. स्वर वाचणाऱ्याने संदर्भाने भरायचे. आज छापलेल्या हिब्रू बायबलमध्ये अक्षरांच्या खाली-वर दिसणारी स्वरचिन्हे मसोरेती नावाने ओळखल्या जाणाऱ्या यहुदी विद्वानांनी इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांदरम्यान, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाचनपरंपरेनुसार घातली. परंपरा विलक्षण काटेकोर होती, यात शंका नाही. तरी व्यंजने तीच आणि स्वर वेगळे, अशी स्थळे उरतातच.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात ४७ व्या अध्यायाच्या शेवटी वृद्ध याकोब योसेफाकडून शपथ घेतो आणि मग लवून नमन करतो. कशावर लवून? मसोरेती वाचनानुसार 'मिट्टा', म्हणजे पलंगाच्या उशाशी. सेप्टुआजिंटच्या भाषांतरकारांनी तीच तीन व्यंजने 'मट्टे' अशी वाचली आणि याकोबाला काठीच्या टोकावर लववले. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राने ग्रीक भाषांतरातून उद्धृत केल्यामुळे तिथे काठी आली. परिणामी किंग जेम्स बायबलमध्ये एकच प्रसंग उत्पत्तीत पलंगाशी आणि इब्री लोकांस पत्रात काठीवर घडतो, आणि भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी आपापल्या मुळाशी प्रामाणिक राहूनच हे केले आहे.

सिनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेचा चेहरा तेजाळला होता, असे निर्गम हे पुस्तक सांगते. तिथले हिब्रू क्रियापद 'शिंग' या अर्थाच्या नामाशी नाते सांगणारे आहे. चौथ्या-पाचव्या शतकातील विद्वान जेरोम याने आपल्या लॅटिन भाषांतरात शिंगाचा अर्थ घेतला, आणि रोममधील मायकेलअँजेलोच्या मोशेच्या डोक्यावर आजही दोन शिंगे आहेत.

विरामचिन्हांचेही तसेच. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे आणि अवतरणचिन्हे तर नव्हतीच. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाशी बोलत असतो. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' हे सोळावे वचन येशूच्या तोंडचे आहे की त्याचे बोलणे आधीच संपून शुभवर्तमानकार बोलू लागला आहे, हे मूळ मजकूर सांगत नाही. इंग्रजी भाषांतराला अवतरणचिन्ह कुठे तरी बंद करावेच लागते.

अर्थ हरवलेले शब्द

प्राचीन हिब्रूचे आपल्यापर्यंत पोहोचलेले साहित्य थोडे आहे, त्यामुळे काही शब्द सबंध ग्रंथात एकदाच येतात. अशा शब्दाचा अर्थ लावायला दुसरे वाक्यच नसते. माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे.

प्रसंग असा की इस्राएल देशात लोहार राहू दिलेला नाही, कारण इब्री, म्हणजे इस्राएली, लोकांनी तलवारी-भाले करू नयेत अशी शेजारच्या पलिष्टी लोकांची इच्छा आहे. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, विळा पाजवून घ्यायला पलिष्ट्यांकडेच खाली उतरून जावे लागते. पुढच्या वचनात 'पीम' असा एक शब्द येतो, आणि तो बायबलमध्ये अन्यत्र कुठेही नाही. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी विचार केला की विषय धार लावण्याचा आहे, तेव्हा हे एखादे हत्यार असावे. त्यांनी लिहिले की त्या लोकांजवळ कुदळींसाठी कानस होती. तर्क वाईट नव्हता. पण विसाव्या शतकाच्या आरंभापासून पॅलेस्टाइनमधील उत्खननांत घुमटीसारखी लहान दगडी वजने सापडू लागली, आणि त्यांवर 'पीम' हीच अक्षरे कोरलेली होती. वजन भरले साधारण साडेसात ते आठ ग्रॅम, म्हणजे शेकेलाच्या दोन-तृतीयांश. आणि शेकेल आपल्या तोळ्याच्या जवळपास जाणारा. पीम ही धार लावण्याची मजुरी होती. लगेच सारा उतारा बोलू लागला: शेजारचे राज्य तुमच्या हातची शस्त्रे तर काढून घेतेच, शिवाय तुमच्या फाळाला धार लावायचे पैसेही वाजवून घेते. कानशीच्या भाषांतरात ही पिळवणूक दिसतच नव्हती.

प्राण्यांच्या नावांचेही असेच झाले. किंग जेम्स बायबलमध्ये 'युनिकॉर्न', म्हणजे एकशिंगी प्राणी, अनेकदा येतो. मूळ हिब्रू शब्द 'रेएम' असा आहे. सेप्टुआजिंटने त्यासाठी 'एकशिंगी' अर्थाचा ग्रीक शब्द वापरला आणि तो लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायात मात्र पंचाईत होते, कारण तिथे एकाच रेएमची 'शिंगे' असे अनेकवचन आहे. भाषांतरकारांनी मजकुरात प्राणीच अनेक केले आणि समासात प्रामाणिकपणे नोंद केली की हिब्रूत एकवचन आहे. पुढे मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेचे लेख वाचता येऊ लागले, तिथे याच शब्दाचा सख्खा भाऊ रानबैलासाठी सापडला आणि प्रश्न मिटला.

सगळे प्रश्न मिटत नाहीत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असे आपण म्हणतो. 'रोजची' या जागी ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' हा शब्द आहे, आणि तो या प्रार्थनेबाहेर ग्रीक साहित्यात जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातील ओरिगेन हा स्वतः ग्रीक बोलणारा विद्वान. त्यालाही वाटले की हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा. जेरोमने मत्तयात त्याचे एक भाषांतर केले आणि लूकमध्ये दुसरेच. रोजची, उद्याची, जगण्यापुरती: तिन्ही अर्थांना आधार आहे, आणि काही इंग्रजी भाषांतरे 'उद्याची' हा पर्याय तळटिपेत देतात.

एका शब्दात अनेक अर्थ

आता सुरुवातीच्या गळ्याकडे येऊ. हिब्रू 'नेफेश' या शब्दात गळा, श्वास, प्राण, जीव आणि 'मी स्वतः' हे सगळे सामावलेले आहे. पाणी चढत असल्याच्या संदर्भात गळा हा अर्थ उघड आहे, आणि मराठीत तर 'पाणी गळ्याशी आले' हा वाक्प्रचारच असल्याने आपल्याला तो तत्काळ पटतो. इंग्रजी 'सोल' या शब्दामागे मात्र देहाहून वेगळ्या, अमर आत्म्याची ग्रीक कल्पना उभी असते, आणि ती हिब्रू कवीच्या मनात होती असे म्हणता येत नाही. ही नुसती शब्दाची अदलाबदल नाही. शतकानुशतके इंग्रजी वाचकांनी माणसाविषयीची एक संपूर्ण धारणा अशा वचनांत वाचली.

'रुआह' म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात पाण्यावर देवाचा आत्मा तरंगत होता की देवाकडून आलेला वारा वाहत होता, यावर इंग्रजी भाषांतरांत आजही एकमत नाही. ग्रीक 'न्यूमा' या शब्दातही वारा आणि आत्मा दोन्ही आहेत, आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू त्याच श्लेषावर बोलतो: वारा वाटेल तिकडे वाहतो, आणि आत्म्यापासून जन्मलेल्याचे तसेच असते. ग्रीक ऐकणाऱ्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. इंग्रजी वाचकाला दोन वेगळे शब्द दिसतात आणि दुवा तुटतो.

काव्यात तर हातचे पुष्कळच जाते. ११९ व्या स्तोत्रात हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांना प्रत्येकी आठ अशी १७६ वचने आहेत, आणि प्रत्येक गटातील आठही वचने त्या-त्या अक्षराने सुरू होतात. इंग्रजी छापणारे फार तर गटांवर हिब्रू अक्षरांची नावे घालतात.

इंग्रजी 'यू' आणि आपले तू-तुम्ही

एक अडचण अशी आहे, की ती मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. आजच्या इंग्रजीत एकाला म्हणा किंवा दहा जणांना, 'यू' एकच. हिब्रू आणि ग्रीक दोन्हींत एकवचन-अनेकवचन वेगळे आहे.

लूकच्या २२ व्या अध्यायात, अटकेच्या रात्री, येशू पेत्र या शिष्याला, ज्याचे मूळ नाव शिमोन, म्हणतो, 'शिमोना, शिमोना, सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळण्यास मागितले आहे. पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे.' धोका सगळ्या शिष्यांवर आहे आणि प्रार्थना एका पेत्रासाठी आहे, कारण त्यानेच नंतर बाकीच्यांना सावरायचे आहे. किंग जेम्स बायबलने अनेकवचनाला 'यू' आणि एकवचनाला 'दी' वापरून हे नेमके टिपले होते. आज 'दाऊ-दी' ऐकून अनेकांना ती आदरार्थी रूपे वाटतात. प्रत्यक्षात ती साध्या 'तू'ची रूपे होती, आणि विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना त्यात नवल वाटू नये. पुढे 'दाऊ' व्यवहारातून गेले आणि दोन्ही ठिकाणी 'यू' आल्यावर अर्थच सपाट झाला. म्हणून न्यू इंटरनॅशनल व्हर्शन या आधुनिक इंग्रजी भाषांतराच्या २०११ च्या आवृत्तीत पहिल्या ठिकाणी 'तुम्हां सर्वांना' आणि दुसऱ्या ठिकाणी 'शिमोना' असे शब्द भरीला घातले आहेत. ते शब्द ग्रीकमध्ये त्या जागी नाहीत, आणि तरीही अर्थाच्या दृष्टीने हेच भाषांतर अधिक अचूक आहे.

जुन्या करारातील गीतरत्न या पुस्तकात लिंगाचा प्रश्न येतो. ते प्रेमगीत आहे आणि त्यात कोण कोणाशी बोलत आहे हे बहुतेक ठिकाणी सांगितलेले नाही. हिब्रूत ते सांगावे लागत नाही, कारण 'तू देखणी आहेस' आणि 'तू देखणा आहेस' ही वाक्ये आपल्यासारखीच तिथेही वेगळी होतात. पहिल्या अध्यायातील पंधरावे वचन तो म्हणतो आणि सोळावे ती म्हणते, हे ऐकताक्षणी कळते. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही, म्हणून अनेक आवृत्त्या कडेला 'तो' आणि 'ती' अशी शीर्षके छापतात.

मराठीची स्वतःची अडचणही सांगायला हवी. वादळात नाव बुडू लागते तेव्हा शिष्य झोपलेल्या येशूला उठवून म्हणतात, 'आपण बुडतो' की 'आम्ही बुडतो'? ग्रीकला आणि इंग्रजीला एकच सर्वनाम पुरते. मराठीत मात्र येशू त्या बुडणाऱ्यांत धरायचा की नाही, हे भाषांतरकाराला ठरवावेच लागते.

शब्दाला शब्द, की आशयाला आशय?

विसाव्या शतकात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ युजीन नायडा याने या प्रश्नाला व्यवस्थित मांडणी दिली. मूळचे शब्द आणि रचना शक्य तितकी राखणारे ते शब्दनिष्ठ भाषांतर. मूळ ऐकणाऱ्याला जे कळले असेल ते आजच्या वाचकाला कळावे, म्हणून रचना मोकळेपणाने बदलणारे ते आशयनिष्ठ. शब्दनिष्ठ भाषांतर अधिक प्रामाणिक, असे आपण सहज गृहीत धरतो. पहिल्याच स्तोत्राचे पहिलेच वचन या समजाला धक्का देते. 'जो पापी जनांच्या मार्गात उभा राहत नाही तो धन्य', हे शब्दशः इंग्रजीत आणले की आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'जो पाप्यांना अडवत नाही तो धन्य' असा होतो! शब्द न्‌ शब्द बरोबर आणि अर्थ जवळजवळ उलटा.

आशयनिष्ठ भाषांतराचा धोका दुसऱ्या बाजूने येतो. नव्या करारात प्रेषित पौलाची पत्रे आहेत; त्यांतील 'सार्क्स' या शब्दाचा साधा अर्थ मांस किंवा देह. न्यू इंटरनॅशनल व्हर्शनने सुरुवातीला अनेक ठिकाणी त्याचे 'पापी स्वभाव' असे भाषांतर केले. वाचायला ते सोपे होते, पण पौलाने जिथे एक व्यापक शब्द ठेवला तिथे भाषांतरकारांनी आपले धर्मशास्त्रीय उत्तर छापले होते. २०११ मध्ये बहुतेक ठिकाणी पुन्हा 'फ्लेश' आणण्यात आले.

शब्दांच्या निवडीत सत्ता असते

विल्यम टिंडेलने नवा करार थेट ग्रीकवरून इंग्रजीत आणला आणि १५२६ मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे छापला, कारण इंग्लंडमध्ये चर्चच्या परवानगीशिवाय असे भाषांतर करण्यास बंदी होती. त्याने 'एक्लेसिया'साठी 'चर्च' न लिहिता 'मंडळी' अर्थाचा शब्द लिहिला. 'प्रेस्बितेरोस'साठी याजक न लिहिता वडीलधारा. आणि प्रायश्चित्त करा याऐवजी पश्चात्ताप करा. ग्रीकच्या दृष्टीने त्याची बाजू भक्कम होती. पण चर्च ही संस्था, याजक हे पद आणि प्रायश्चित्त हा विधी या तिन्हींचा शास्त्राधार त्या तीन शब्दांवर उभा होता. कॅथलिक चर्चची बाजू घेणाऱ्या थॉमस मोर या इंग्रज विद्वानाने त्याच्याविरुद्ध पानेच्या पाने लिहिली. १५३५ मध्ये टिंडेल अँटवर्प येथे पकडला गेला आणि पुढच्या वर्षी गळा आवळून त्याला मारले व देह जाळला. किंग जेम्सच्या भाषांतरकारांना दिलेल्या नियमांत 'चर्च' हा रूढ शब्द बदलू नये असे स्पष्ट बजावलेले होते. आणि तरीही त्यांनी नव्या करारातील टिंडेलची वाक्यरचना फार मोठ्या प्रमाणात तशीच ठेवली. ज्या इंग्रजीची आज थोरवी गायिली जाते तिच्यात या माणसाचा वाटा किती, हे पुरेसे सांगितले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

असे वाद जुन्या काळापुरते नव्हते. यशयाच्या ७:१४ मध्ये पुत्राला जन्म देणारी 'अल्मा' आहे, म्हणजे तरुण स्त्री. सेप्टुआजिंटमध्ये तिथे 'पार्थेनोस', म्हणजे सामान्यतः कुमारी, असा शब्द आला, आणि मत्तयाने येशूच्या जन्माच्या संदर्भात तेच उद्धृत केले. १९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनने यशयात हिब्रूप्रमाणे 'तरुण स्त्री' आणि मत्तयात ग्रीकप्रमाणे 'कुमारी' छापले. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनात एका पाद्रीने ते यशयाचे पान जाहीरपणे जाळले.

मग यातून हवा तो अर्थ काढता येईल का?

नाही. वर दिलेली उदाहरणे निवडून काढलेली आहेत. बायबलच्या बहुतांश मजकुरावर, कथांवर, आज्ञांवर, पत्रांच्या युक्तिवादावर भाषांतरांत सारभूत मतभेद नाही. जिथे आहे तिथेही पर्याय दोन-तीनच असतात आणि प्रत्येकामागे हस्तलिखिताचा, व्याकरणाचा किंवा शेजारच्या भाषेचा पुरावा मागता येतो. नेफेशचा अर्थ गळा की जीव यावर चर्चा होऊ शकते. कोणी 'तलवार' म्हटले तर चर्चेची गरजच नाही.

वचन कायम असेल तर भाषांतरे का बदलावी?

कारण वाचकाची भाषा स्थिर राहत नाही. किंग जेम्स बायबलमध्ये पौल म्हणतो की जिवंत असलेले आपण मृतांना 'प्रिव्हेंट' करणार नाही. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ 'आधी जाणे' होता; आज तो 'रोखणे' आहे. एकाही अक्षराला हात न लावता वचन चुकीचे झाले.

मराठीत ही जाणीव पंडिता रमाबाईंना प्रकर्षाने होती. संस्कृतात वाढलेल्या या विदुषीला प्रचलित मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रियांच्या डोक्यावरून जाते असे दिसले, आणि अनेक संस्कृत शब्द आपल्याबरोबर वेगळेच तत्त्वज्ञान घेऊन येतात हेही त्यांना इतर कोणापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग कोणते भाषांतर वाचावे?

हे कशासाठी वाचायचे यावर अवलंबून आहे. सलग कथा वाचायची असेल तर आशयनिष्ठ भाषांतर सोयीचे. एखाद्या वचनावर युक्तिवाद उभारायचा असेल तर शब्दनिष्ठ भाषांतर सोबत हवेच. जुन्या करारासाठी यहुदी विद्वानांनी केलेले ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचे १९८५ चे भाषांतर शेजारी ठेवावे, कारण त्यावर नव्या कराराशी जुळवून घेण्याचा भार नाही. उत्पत्तीचे पहिलेच वचन तिथे 'देव निर्मिती करू लागला तेव्हा' अशा वळणाने सुरू होते. भक्तीसाठी पाठ असलेले किंग जेम्स सोडण्याचे काहीच कारण नाही. मात्र ॲपमध्ये तळटिपा बंद करून ठेवल्या असतील तर त्या आधी चालू कराव्यात. भाषांतरकारांनी कोणत्या जागी दोन पर्यायांतून एक निवडला आणि दुसरा कोणता होता, हे त्यांनी तिथेच लिहून ठेवलेले असते.